ओदीलच्या पाकाला जराशी चव आहे

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ओदील लेसारनं पोस्टमनला आत बोलावून पाकातली अंडी खाऊ घातली, आणि आमच्या डोंगररस्त्यावर दुसरा विषय उरला नाही.

पोस्टमन स्वतःच सांगत सुटला होता. पत्रं टाकायला थांबला, तर ही पाक आटवायच्या खोपटाच्या दारात उभी. ये म्हणाली, बस म्हणाली, पुढ्यात ताटली ठेवली. मेपलच्या उकळत्या पाकात सोडलेली दोन अंडी, मग नुसता चाखायला पाक, एकामागून एक दोन चमचे. आणि हा खात असताना ती समोर उभी राहून टक लावून बघत होती. "डोळ्यांकडे नाही रे," पोस्टमन म्हणाला, "तोंडाकडे. घास कुठपर्यंत गेला ते बघितल्यासारखं."

ही तीच ओदील, जी चर्चच्या मदतफेरीत पाकाचा डबा देताना पोचा आलेला निवडून देते. तिच्या कुंपणाला लागून माझं कुंपण. बावन्न वर्षांच्या शेजारात मला तिनं फुकट दिलेली गोष्ट एकच, गोवर. तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि ती चौदा-पंधरा वर्षांची.

दुसऱ्या दिवशी बर्फ काढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर आत गेला. मग माझी गाय बघायला आलेला जनावरांचा डॉक्टर, माझं बिल करायचं सोडून. मग वर्गणीला आलेल्या दोन नन. प्रत्येकाला दोन चमचे, प्रत्येकाच्या तोंडावर तिची नजर. डॉक्टरला तर दोनदा बोलावलं. आमच्या तेवीस घरांत तर्कांचं गुऱ्हाळ सुरू झालं. कोणी म्हणालं, लग्न करायचंय तिला. कोणी म्हणालं, जंगल विकायला काढलंय आणि गिऱ्हाइकं जमवतेय. माझी बायको जिनेत म्हणाली, म्हातारपण आलं की माणूस सैल होतो. मी म्हणालो, ओदील सैल व्हायला लोखंडी पाना लागेल.

मला मात्र बोलावणं नाही. या रस्त्यावर कोणाच्या चुलीवर काय शिजतंय हे ज्याला सगळ्यात आधी कळतं, त्यालाच नेमकं वगळलेलं. हे मला लागलं, खोटं कशाला बोलू.

ओदीलचं नाक ही आमच्या डोंगरावर दंतकथाच आहे. तिचा बाप आल्सीद. त्याच्या मेपलच्या झाडांना रसाच्या बाराशे बादल्या लटकायच्या. त्याला पाच मुलगे आणि ही एक मुलगी. मुलगे बैलासारखे राबायचे, पण बाप बादली ओतण्याआधी बोट बुडवायला लावायचा तो ओदीलला. सहा-सात वर्षांची पोर, बोट चाखून सांगायची, बाबा, हा वरच्या उताराचा, हा नाल्याकडचा. आणि हंगामाच्या शेवटी एखाद्या सकाळी म्हणायची, उद्या कळी लागेल.

कळी लागणं म्हणजे काय, तर रात्री गोठायला आणि दिवसा वितळायला लागलं की मेपलचा रस धावतो. पाच-सहा आठवडे. मग एप्रिलात फांद्यांवर कळ्या फुगायला लागतात आणि रसात काहीतरी बदलतं. दिसायला तसाच, पातळ, पाण्यासारखा. चाळीस बादल्या आटवून एक बादली पाक करावा, तोही तसाच सोनेरी दिसतो. पण तोंडात टाकला की मागून एक कडवट, उग्र काहीतरी येतं. तो पाक कोणी घेत नाही, घेतला तर तंबाखूच्या कारखान्यासाठी घेतात. आणि चांगल्या पाकाच्या पिंपात असला एक डबा ओतला, तर सगळं पिंप त्याच्यासारखं होतं. मे महिन्यात तपासनीस येतो, प्रत्येक पिंपातला थेंब तोंडात घोळवतो आणि थुंकतो. त्याच्या थुंकण्यावर आमचं पुढचं वर्ष ठरतं.

ओदील 'उद्या' म्हणाली की आल्सीद आजच झाडांतल्या तोट्या उपटायचा. सुरुवातीला लोक हसले. नंतर त्याच्या खोपटातली वाफ कधी थांबते इकडे डोळे लावून बसायला लागले.

भाऊ एकेक करून खाणीत गेले, शहरात गेले. तीस हेक्टरचा दगडी उतार कोणालाच नको होता, म्हणून तो हिच्या वाट्याला आला. नवरा आर्मां दुधाची गाडी चालवायचा. त्यानं बादल्या काढून झाडाझाडातून निळ्या नळ्या ओढल्या, सगळा रस आपोआप खालच्या टाकीत. ओदील वर्षभर त्याच्याशी धड बोलली नाही. का, तर आता प्रत्येक झाडाचा रस वेगळा चाखता येत नाही. आर्मां जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हापासून दोन हजार तोट्या ती एकटी सांभाळते. जानेवारीत बर्फावर चालायचे जाळीदार बूट घालून खारींनी कुरतडलेल्या नळ्या जोडत फिरते, फेब्रुवारीत गेल्या वर्षीच्या व्रणापासून हातभर लांब नवी भोकं पाडते, आणि मार्चपासून खोपटातून हलत नाही. दुसरं उत्पन्न नाही. जे काही आहे ते त्या पिंपांत.

तर ती फुकट वाटायला लागली म्हटल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. तिची शिडी माझ्याकडे चार वर्षं पडून होती. ती खांद्यावर टाकली आणि गेलो.

खोपटात वाफ एवढी होती की आधी ती दिसलीच नाही, नुसता आवाज आला. "शिडी परत आणलीस म्हणजे काहीतरी हवंय तुला."

मी म्हणालो, तुझा सहवास हवाय. तिनं थर्मासमधली कॉफी दोन कपांत ओतली. लांबलचक कढई रटरटत होती. तिच्यावर दोरीनं खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा टांगलेला, फेस वर आला की त्याला टेकून खाली बसावा म्हणून. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो, ती हं हं करत राहिली. पाकाचा चमचा काही पुढे आला नाही. मग ती कढईकडे वळली आणि माझ्यातला वात्रटपणा उसळला. अंड्यांसाठी ठेवलेल्या मिठाची बरणी हाताशी होती. दोन चमचे तिच्या कपात टाकले, ढवळले, आणि साळसूदासारखा बसलो.

ती आली, कप उचलला, सुतारपक्ष्यानं कोणत्या नळीचं काय केलं ते सांगत सांगत अर्धा कप प्यायली. मग उरलेला अर्धा. मी हसायच्या तयारीत गाल फुगवून बसलो होतो. ते तसेच राहिले.

"काय झालं?" तिनं विचारलं. "तुझं तोंड इतका वेळ बंद कधी असतं?"

"कॉफी कशी आहे?"

"गरम आहे."

मी तिच्या कपाकडे बोट केलं. तिनं कपाच्या तळाशी बघितलं. तिथं न विरघळलेलं पांढरं बसलेलं होतं.

"काय घातलंस?"

"मीठ."

"किती?"

"दोन चमचे. भरून."

तिनं कप खाली ठेवला, हात पुसले आणि बाकावर माझ्या शेजारी बसली. नोव्हेंबरात तिला ताप आला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. "ताप गेला," ती म्हणाली, "पण जाताना हात हलवत गेला नाही. वास घेऊन गेला, चवही घेऊन गेला. गरम कळतं, गार कळतं. बाकी सगळं ओला पुठ्ठा." माणसांचे डॉक्टर म्हणत होते, परत येईल. कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मी विचारलं, मग एवढे दिवस पाक कसा करतेस. ती म्हणाली, पाक झाला की नाही ते तरंगणारी काचेची कांडी सांगते, रंग नमुन्याच्या कुप्यांशी ताडून बघता येतो. "कळी लागली की नाही हे सांगणारं यंत्र मात्र अजून कोणी केलेलं नाही रेनाल. ते यंत्र मी होते."

मग पोस्टमनचा उलगडा झाला. एप्रिलात कळी लागेल तेव्हा सांगणारी एक भरवशाची जीभ तिला हवी होती, आणि कारण न सांगता ती शोधायची होती. कारण ओदील लेसारला चव कळत नाही हे एकदा रस्त्यावर पसरलं, की दारात डबे घ्यायला येणारी माणसंसुद्धा नाक वर करून वास घ्यायला लागली असती. म्हणून ती प्रत्येकाला दोन चमचे देत होती. पहिला ताज्या, उत्तम पाकाचा. दुसरा गेल्या वर्षीच्या, कळी लागलेल्या पाकाचा, जो तिनं मुद्दाम बाजूला ठेवला होता.

"पोस्टमन म्हणाला, छान आणि छान. ड्रायव्हर म्हणाला, छान आणि फारच छान. डॉक्टरला दोनदा बोलावलं, दोन्हीदा छान. ननबाईंनी तर कळीचा चमचा चाटून पुसून खाल्ला आणि म्हणाल्या, देवाची कृपा." ती माझ्याकडे वळली. "यांना मी ट्रॅक्टरचं तेल दिलं असतं तरी छानच म्हणाले असते."

तिचं चूक नव्हतं. आमच्या डोंगरावर माणूस शेजाऱ्याच्या बायकोबद्दल, बैलाबद्दल, बापाबद्दल काहीही बोलेल; पाकाबद्दल नाही. फारच झालं तर एक वाक्य आहे: 'याला जराशी चव आहे.' चव आहे म्हणजे नको ती चव आहे. हे वाक्य मी आयुष्यात दोनदा ऐकलंय. त्यातल्या एका वेळी दोन सख्खे भाऊ अकरा वर्षं एकमेकांच्या घरच्या मयतीला गेले नाहीत.

"मला का नाही बोलावलंस?" मी विचारलं. ते अजून सलत होतं.

"तुला बोलावलं असतं तर तू पहिल्याच दिवशी ओळखलं असतंस आणि दुपारपर्यंत गावाला सांगितलं असतंस. आता ओळखलंच आहेस." ती उठली, ड्रॉवरमधून एक चमचा काढला आणि माझ्या हातात दिला. "या रस्त्यावरची सगळ्यात नासकी जीभ तुझी आहे. ती मला हंगाम संपेपर्यंत हवी. आणि कोणाला सांगायचं नाही."

मी शपथ घेतली. घरी जाऊन फक्त जिनेतला सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून ठरून गेलं. दुपारी जेवण झालं की मी खाली उतरायचो. ती त्या दिवशीचा डबा उघडायची, पिंपात ओतण्याआधी मला चमचा द्यायची आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मी चाखायचो आणि एकेक शेरा सोडायचो. हा पाक आहे की खिडक्या पुसायचं पाणी. हा धिरड्यावर घातला तर धिरडं लाजेल. यात माशी बुडाली तर ती थेट स्वर्गात जाईल, पण माझ्यासारख्या पापी माणसानं खावा असा नाही. तिच्या लोकरी टोपीवरूनही दोन वाक्यं व्हायची. ती शांतपणे ऐकायची, मग डबा उचलून पिंपात रिकामा करायची. एवढंच. मला त्याची चटकच लागली होती. कौतुक करायला नाही, शिव्या द्यायला कोणी रोज वाट बघतंय, हे सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं.

पिंपं भरत गेली. नऊ, दहा, अकरा, बारा.

एप्रिलच्या मध्यावर चार रात्री गोठलंच नाही. झाडांच्या बुंध्यांभोवती बर्फात गोल खळगे पडले, खालून काळी माती दिसायला लागली. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण पाचव्या रात्री कडाक्याची थंडी पडली आणि सकाळी रस असा धावला की टाक्या वाहायला लागल्या. डोंगरभर खोपटांतून वाफा निघाल्या. मी दुपारी गेलो तेव्हा ओदीलचे गाल लाल झाले होते. बाह्या वर, टोपी मागे सरकलेली.

"तेरावं," ती पिंपावर हात ठेवून म्हणाली. पाऊण भरलं होतं. "आर्मां गेल्यापासून मी बाराच्या वर कधी गेले नव्हते. हे दोन डबे ओतले की तेरावं पूर्ण."

तिनं चमचा दिला. मी तोंडात टाकला. आधी गोडवा आला, नेहमीसारखा. मग तो मागे सरला आणि त्याच्या पाठीमागून दुसरंच काहीतरी पुढे आलं, कोबी उकडलेल्या पातेल्यात कोणी न धुता कोको करावा तसं. अगदी हलकं. पण होतं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी शब्द शोधला. रोज एकामागून एक यायचे, आज एकही येईना. तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी जे बोलत होतो ते खोटं होतं म्हणून बोलता येत होतं. तिच्या टोपीला, शिडीला, म्हातारपणाला नावं ठेवणं वेगळं. पण आल्सीदच्या पोरीच्या खोपटात उभं राहून, तिच्या पाकाला चव आहे असं खरोखर म्हणायचं? माझ्या बापानं कोणाला म्हटलं नव्हतं, त्याच्या बापानं नाही.

"छान आहे," मी म्हणालो. आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून, "खूपच छान."

ती क्षणभर बघत राहिली. "बरं," म्हणाली.

मी चमचा ठेवला, काहीतरी काम असल्यासारखा घाईनं निघालो. रस्ता चिखलाचा लगदा झाला होता. घरी जिनेत ओसरीवर बटाटे सोलत बसली होती. तिनं रोजच्यासारखं विचारलं, आज काय अकलेचे तारे तोडलेस.

"छान म्हणालो."

सुरी थांबली. "तू? आपल्या लग्नाच्या केकला तू छान म्हणाला नव्हतास."

मग मी सगळं सांगितलं, कोबीसकट. ती ओरडली नाही. बटाटा पाण्यात टाकला आणि म्हणाली, "म्हणजे पोस्टमनमध्ये आणि तुझ्यात फरक एवढाच, की त्यानं शपथ घेतली नव्हती. आणि आता तेराव्या पिंपात तो डबा पडला असेल."

मी तसाच मागे फिरलो. वय बावन्न, वजन सांगत नाही, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. अर्धा किलोमीटर उतारावर मी धावलो असं म्हणणार नाही. घसरत घसरत गेलो. वाटेत वाक्य घोकत होतो. पाकाला जराशी चव आहे, ओदील. तुझ्या पाकाला जराशी चव आहे. एकदा दातांमागून बाहेर काढून बघितलंसुद्धा, मोठ्यानं. मेपलच्या झाडांनी ऐकलं, काही झालं नाही.

खोपटावर वाफ नव्हती.

आत कढईखालची आग विझलेली. ओदील पाण्याचा पाइप धरून कढई धूत होती. दोन्ही डबे खिडकीखाली बाजूला ठेवलेले, झाकणं लावलेली. तेरावं पिंप होतं तिथंच, बूच ठोकलेलं.

"दम खा आधी," ती म्हणाली. "मरशील इथं, आणि मला तुला ओढत वर न्यावं लागेल."

"ओदील, पाकाला..."

"चव आहे. माहीत आहे."

"कसं?"

"छान म्हणालास ना." तिनं पाइप बंद केला. "एकोणीस दिवस तू शिव्या दिल्यास, मी एकोणीस दिवस डबे ओतले. आज तुझी जीभ सरळ पडली, तेव्हाच मी नळ बंद केला. पोस्टमन खोटं बोलला तर ओळखू येत नाही, तो सगळ्यांशी सारखाच गोड. तू गोड झालास की कुत्र्यालासुद्धा कळेल."

मी बाकावर बसलो. माफी मागायची होती, पण ती मागायची सवय नसल्यामुळे मी म्हणालो की तेरावं अर्धवट राहिलं. ती म्हणाली, पाऊण. (तेराही पिंपं मे महिन्यात तपासनिसानं एका शब्दाशिवाय पास केली, हे आत्ताच सांगून टाकतो, माझ्या पोटात राहत नाही. वरच्या दोन खोपटांतली सगळी झाली नाहीत. कोणाची, ते मात्र विचारू नका. पाकाचा विषय आहे.)

ती हात पुसत आली. जायला सांगेल असं वाटलं. पण तिनं बाराव्या पिंपाचं बूच सैल केलं, चमचा बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"हा कसा होता?"

"सांगितलं होतं की. माशी, स्वर्ग..."

"ती मस्करी. चव सांग." तिनं नजर पिंपावरच ठेवली होती. "सहा वर्षांची असल्यापासून एक हंगाम मी चुकवलेला नाही. हा पहिलाच, जो मी केला आणि मला माहीत नाही कसा झाला."

मी चमचा घेतला. चाखला. "गोड आहे," म्हणालो.

"साखरही गोड असते."

मी डोळे मिटले. एवढी वर्षं मी हे धिरड्यांवर ओतून गिळलंय, पण कोणी कधी विचारलं नव्हतं. म्हणालो, आधी लोणी लागतं, कढवायच्या आधीचं. मग थोडं भाजलेलं काहीतरी. पाव भट्टीतून काढल्यावर त्याची कड असते ना, तसं.

"कड की आतला भाग?"

मी पुन्हा जीभ फिरवली. "कड."

"मग उत्तरेच्या उताराचा रस जास्त उतरला या वर्षी," ती हळूच म्हणाली. तिनं टोपी काढून मांडीवर घेतली. "आणि मागे काय राहतं? गिळल्यावर?"

"काही नाही. संपतं."

"संपत नाही. शेवटी एक काहीतरी असतं, तू घाईत गाळलंस." तिनं चमचा माझ्या हातातून घेतला, पुन्हा पिंपात बुडवला. "आणखी एकदा घे. या वेळी लगेच गिळू नकोस."